राऊटराच्या पोटांतील स्विच

‘स्विच’ हा शब्द आमच्या घराघरांत रूढ होऊन पुष्कळ वर्षें झालीं. परंतु तो कानीं पडतांच दिव्याचा खटका तेवढा डोळ्यांपुढें येतो. संगणकांच्या जाळ्यांत ज्याला स्विच म्हणतात त्याचा व ह्या खटक्याचा संबंध केवळ नांवापुरता आहे. रुळांचे सांधे बदलून गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर घालणारा जो रेल्वेचा सांधेवाला, त्याच्याशीं त्याचें नातें अधिक जवळचें. हा सांधेवाला बहुधा आपल्या स्वतंत्र पेटींत राहतो. कांहीं ठिकाणीं मात्र तो दुसऱ्याच एका यंत्राच्या, म्हणजे राऊटराच्या, पोटांत तळहाताएवढ्या कार्डाच्या रूपानें बसविलेला आढळतो. पावससारख्या गांवांतील शाळेला, ग्रंथालयाला किंवा पतपेढीला हें कार्ड कितपत उपयोगी आहे, तें काय करितें, आणि विशेषतः काय करीत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल सिस्को ह्या अमेरिकन कंपनीचें चार पोर्टांचें कार्ड घेऊं. राऊटराच्या पाठीमागील आयताकृति खांचेंत तें सरकवितात व दोन स्क्रू पिळून घट्ट करितात. दर्शनी पट्टीवर केबल लावण्याचीं चार भोंकें, त्यांच्या मागें हिरवी पाटी, तिच्यावर कांहीं चिपा, आणि टोंकाला राऊटराशीं जोडणारे दांत, इतकाच त्याचा संसार. ह्याच घराण्यांतील दुप्पट रुंदीच्या कार्डास नऊ पोर्टें असतात. २००४ सालीं ह्या कंपनीनें जे लहान राऊटर विक्रीस काढिले त्यांपैकीं १८४१ क्रमांकाच्या राऊटरास स्वतःचीं अशीं दोनच पोर्टें होतीं. एक बाहेरच्या जगाकडे गेलें, कीं घरच्यांसाठीं एकच उरे. ती अडचण ह्या कार्डानें दूर केली. हे राऊटर निर्मात्यानें आतां विकणें सोडलें आहे. तथापि जुन्या सामानाच्या बाजारांत ते स्वस्त मिळतात, आणि खेड्यांतील शाळांच्या वांट्यास पुष्कळदां असलेंच सामान येतें. नव्या राऊटरांतहि हीच योजना अधिक वेगवान् रूपानें चालू आहे. तेव्हां जुनें कार्ड समजलें म्हणजे नवें समजण्यास फारसे सायास पडत नाहींत.

प्रथम राऊटर व स्विच ह्यांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. पावसांतल्या पावसांत चिठ्ठी पाठवावयाची असली तर पाकिटावर पत्ता लिहिण्याची यातायात कोणी करीत नाहीं. अमक्या वाडींतील अमक्याचें घर, एवढें सांगितलें कीं शेजारचें पोर धांवत जाऊन चिठ्ठी देऊन येतें. त्या पोराला घरें ठाऊक असतात. जिल्हा, प्रांत, देश ह्यांशीं त्याला कर्तव्य नसतें. परंतु तीच चिठ्ठी नागपुरास जावयाची असली म्हणजे हें ज्ञान निरुपयोगी ठरतें. तेथें पोस्ट लागतें, आणि पोस्टाला पिन क्रमांक लागतो.

हा पिन क्रमांक एका मराठी गृहस्थाच्या बुद्धीचें फळ आहे, हें पुष्कळांस माहीत नसतें. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांतील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनीं ही योजना आंखिली, व १५ ऑगस्ट १९७२ रोजीं ती देशांत सुरू झाली. सहा आंकड्यांपैकीं पहिला आंकडा देशाचा मोठा विभाग दाखवितो. महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड हीं राज्यें ४ ह्या आंकड्याखालीं येतात. पहिले तीन आंकडे मिळून टपाल निवडण्याचा टापू ठरतो. ४१५ नें आरंभ होणारे क्रमांक सातारा व रत्नागिरी ह्या दोन्ही जिल्ह्यांत आढळतात. शेवटचे तीन आंकडे विशिष्ट पोस्टाचे. नागपुरांत पत्र निवडणाऱ्यास पावस कोठें आहे हें माहीत असण्याची मुळींच गरज नाहीं. ४१५ पाहिलें कीं कोणत्या थैलींत टाकावयाचें हें त्याला कळतें. ज्ञानाची ही काटकसर हेंच योजनेचें मर्म होय.

राऊटराचेंहि असेंच आहे. प्रत्येक संगणकास जो आय्‌पी पत्ता असतो, त्याच्या आरंभीच्या भागावरून राऊटर दिशा ठरवितो. शेवटचा भाग ज्याच्या त्याच्या गांवीं पाहिला जातो. ह्या पत्त्याची जुनी परंतु अजून सर्वत्र चालू असलेली जात ३२ बिटांची आहे. ह्याखेरीज प्रत्येक यंत्रास कारखान्यांतूनच ४८ बिटांचें एक कायमचें नांव मिळालेलें असतें. त्यास मॅक पत्ता म्हणतात. हें झालें घराचें नांव. त्यावरून घर कोणत्या जिल्ह्यांत आहे हें समजत नाहीं, पण वाडींत विचारलें तर नेमकें घर सांपडतें. स्विच हा घरनांवें जाणणारा, राऊटर हा पिन जाणणारा. आणि येथेंच विद्यार्थी बहुधा गोंधळतात. नागपूरची चिठ्ठीहि प्रथम पोराच्याच हातीं पडते. तें ती पोस्टांत नेऊन टाकतें. तसेंच, बाहेर जावयाचें पाकीट संगणक स्विचामार्फतच राऊटराकडे देतो. वरच्या पाकिटावर राऊटराचें घरनांव आणि आंतल्या पाकिटावर दूरचा पत्ता, अशी ही दुहेरी योजना असते. वरचें पाकीट मुक्कामागणिक बदलतें. आंतल्यावरील मुक्कामाचा पत्ता कायम राहतो.

स्विच उपजत ज्ञानी नसतो. त्याला वीज दिली तेव्हां त्याची वही कोरी असते. एखाद्या पोर्टांतून पाकीट आलें कीं पाठविणाऱ्याचें घरनांव तो वाचतो व ‘हा गृहस्थ ह्या पोर्टापलीकडे राहतो’ अशी नोंद करितो. ज्याला पाकीट द्यावयाचें त्याचें नांव वहींत नसलें, तर तो त्या पाकिटाच्या प्रती उरलेल्या सर्व पोर्टांतून सोडतो. ज्याचें असेल तो उत्तर देतो, आणि उत्तर येतांच त्याचीहि नोंद होते. एखादें यंत्र पांच मिनिटें मुकें राहिलें तर सामान्यतः त्याची नोंद पुसली जाते. संगणक एका टेबलावरून दुसऱ्यावर हलविला तरी कोणास कांहीं सांगावें लागत नाहीं, तें ह्या विसराळूपणामुळें.

ही युक्ति एका दिवसांत सुचलेली नाहीं. अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ ह्यांनीं २२ मे १९७३ रोजीं एक टिपण लिहिलें, आणि त्यांत ‘ईथर’ हा शब्द योजिला. प्रकाश ज्यांतून वाहतो असें एकोणिसाव्या शतकांतील पदार्थवैज्ञानिक मानीत, तें हें सर्वव्यापी ईथर. १८८७ सालीं मायकेल्सन व मोर्ले ह्यांनीं त्याचा शोध घेतला, तों तें हातीं लागलें नाहीं. विज्ञानानें टाकून दिलेला शब्द असा तारेच्या नांवांत पुन्हां जन्मास आला. मेटकाफ व त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज ह्यांच्या पहिल्या ईथरनेटांत सर्व संगणक एकाच तारेस लटकलेले असत. दोघे एकदम बोलले कीं दोघांचेंहि बोलणें नासे. मग दोघांनींहि गप्प राहून थोड्या, पण निरनिराळ्या, वेळानें पुन्हां प्रयत्न करावा असा नियम होता. गुरुजी नसलेल्या वर्गाचें चित्र ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस, विद्यार्थी वाढले म्हणजे ह्या नियमाचें काय होतें, हें सांगणें नको. पुढें निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनीं बाबेलच्या बुरुजावरील गवंड्यांप्रमाणें एकमेकांस न समजणाऱ्या भाषा बोलूं नयेत, म्हणून १९८३ मध्यें ईथरनेटाचा सर्वमान्य नियमग्रंथ ठरला. पण एका तारेवरची गर्दी त्यानें हटली नाहीं.

ती हटविण्याचें मोठें श्रेय ज्या कंपनीकडे जातें तिचें नांव वाचून मराठी वाचकांस कौतुक वाटेल. तिचें नांव होतें ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे गृहस्थ व लॅरी ब्लेअर ह्यांनीं ती कॅलिफोर्नियांत काढिली, आणि भारद्वाज ह्यांच्या पत्नीचें नांव तिला दिलें. १९९० च्या सुमारास ह्या कंपनीनें सात पोर्टांचें ‘ईथरस्विच’ नांवाचें यंत्र बाजारांत आणिलें. त्यांत प्रत्येक पोर्टाची तार वेगळी. पहिला तिसऱ्याशीं बोलत असतांच दुसरा पांचव्याशीं खुशाल बोलूं शके. पाकीट सबंध हातीं येण्याचीहि तें वाट पाहत नसे. पत्ता वाचून होतांच पुढें ढकलण्यास आरंभ करी. १९९४ मध्यें सिस्कोनें ‘कल्पना’ विकत घेतली. सिस्को राऊटरांचा धंदा करणारी, कल्पना स्विचांचा. आमच्या विषयाचें कार्ड हें ह्या सोयरिकीनंतरच्या पिढींतलें. आणि मूळ यंत्राचें ‘ईथरस्विच’ हें नांव त्या कार्डांनीं पुढेंहि चालविलें.

आतां कार्डाकडे वळूं. राऊटराच्या पोटांत शिरलें तरी तें राऊटर होत नाहीं. त्याची चिप स्वतंत्र, त्याची वही स्वतंत्र. कार्डाच्या दोन पोर्टांवरील संगणक एकाच विभागांत असून आपसांत बोलूं लागले तर पाकीट कार्डावरच फिरतें. राऊटराच्या मुख्य मेंदूस त्याची दादहि नसते. विभाग बदलावयाचा किंवा बाहेर जावयाचें असेल तरच पाकीट आंत, मेंदूकडे, चढविलें जातें. ह्या दोन वाटांच्या वेगांत केवढें अंतर आहे तें आंकड्यांनीं पाहूं. सेकंदास १० कोटी बिटांच्या पोर्टांतून अगदीं लहान, ६४ बाइटांचीं, पाकिटें धाडलीं तर सेकंदास सुमारें १,४८,८०० जातात. कार्डाची चिप ह्याच एका कामासाठीं घडलेली असल्यामुळें तिला ह्याचें ओझें वाटत नाहीं. उलट १८४१ राऊटराचा मेंदू सेकंदास सुमारें ७५,००० पाकिटें हाताळतो असें निर्मात्याचेंच सांगणें होतें. म्हणजे एका पोर्टाचा पूर्ण लोंढाहि त्याला झेपणारा नव्हता. तात्पर्य, ज्या संगणकांचा एकमेकांशीं मोठा व्यवहार आहे ते एकाच विभागांत ठेवावे. राऊटर मंद म्हणून त्याला दोष देणारे लोक बहुधा हमालाचें काम मुनिमावर टाकीत असतात.

‘विभाग’ हा शब्द वर आला आहे, आणि आमच्या मतें ह्या कार्डाची खरी किंमत त्यांतच आहे. कोंकणांतील जुन्या घराला ओटी असते व माजघर असतें. आला-गेला ओटीवर बसतो, पाणी पितो, गोष्टी करितो. माजघरांत पाऊल टाकावयाचें तर घरच्या माणसाची अनुमति लागते. छप्पर एक, जोतें एक, पण मर्यादा निराळ्या. स्विचांत असेच भाग पाडतां येतात. त्यांस व्हीलॅन म्हणतात. चार पोर्टांपैकीं एक विद्यार्थ्यांच्या संगणकवर्गास, एक कार्यालयास, एक शिक्षकांच्या खोलीस, अशी वांटणी करून प्रत्येकास विभागाचा क्रमांक द्यावा. पोर्टें भिंतींनीं वेगळीं केल्याप्रमाणें वागूं लागतात. एका विभागांतील हाक दुसऱ्यास ऐकूं जात नाहीं. एकाच केबलीवरून अनेक विभागांचीं पाकिटें दुसऱ्या स्विचाकडे न्यावयाचीं असलीं तर प्रत्येक पाकिटावर चार बाइटांची चिठ्ठी डकविली जाते. १९९८ मध्यें ठरलेल्या नियमाप्रमाणें तिच्यांतील १२ बिट विभागाच्या क्रमांकासाठीं राखून ठेवलेले आहेत. १२ बिटांत ४,०९६ क्रमांक होतात. दोन राखीव, उरले ४,०९४. शाळेला तीन पुरेत.

ह्या भिंतीची गरज काय, असें कोणी विचारील. शाळेच्या कार्यालयांतील संगणकांत आज काय काय असतें तें पाहा. राज्याच्या ‘सरल’ प्रणालीसाठीं २०१५ पासून, आणि अलीकडे केंद्राच्या ‘युडायस प्लस’साठीं, प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव, जन्मतारीख, पालकांचें नांव, आधार क्रमांक अशी माहिती शाळा भरीत आल्या आहेत. बागेंत राबणाऱ्या किंवा होडीवर जाणाऱ्या बापानें ही माहिती शाळेच्या स्वाधीन केली ती शाळेवरील विश्वासानें. संगणकांतलें त्याला कांहीं कळतें म्हणून नव्हे. दुसरीकडे संगणकवर्गांत तीस उत्साही मुलें, घरून आणलेले पेनड्राइव्ह, आणि त्यांबरोबर आलेले विषाणू. हीं दोन टोंकें एकाच ओटीवर बसविणें म्हणजे त्या विश्वासाची परीक्षा पाहणें होय. दुर्दैवानें नवें कार्ड खांचेंत घातलें कीं त्याचीं सर्व पोर्टें विभाग क्रमांक १ मध्येंच असतात. दिवे हिरवे लागतात, सर्व संगणक चालतात, बसविणारा पैसे घेऊन जातो, आणि ओटी व माजघर एकच राहतात.

याहून सूक्ष्म फसगत पुढेंच आहे. विभाग पाडले, प्रत्येकास आय्‌पी पत्त्यांचा वेगळा समूह दिला, आणि प्रत्येक विभागाचें दार म्हणून राऊटरास उभें केलें, तरीहि काम संपत नाहीं. कारण राऊटराचा धर्मच मुळीं जोडण्याचा. वर्गांतील संगणकानें कार्यालयाच्या पत्त्यावर पाकीट धाडलें तर, कोणी मनाई केलेली नसल्यास, राऊटर तें आज्ञाधारकपणें पोंचवील. भिंत आहे, पण मधलें दार सताड उघडें. तें लावण्यासाठीं राऊटरास परवान्यांची यादी लिहून द्यावी लागते : वर्गाकडून कार्यालयाकडे जाणारें अडवावें, बाहेर इंटरनेटाकडे जाणारें सोडावें. ही यादी राऊटर वरून खालीं वाचतो व जी ओळ प्रथम जुळेल ती पाळून थांबतो, म्हणून ओळींचा क्रम बदलला तर अर्थहि बदलतो. शिवाय यादीच्या शेवटीं न लिहिलेली एक ओळ असते, ‘बाकी सर्वांस मनाई’ अशी. तिचा विसर पडल्यामुळें सबंध वर्गाचें इंटरनेट बंद पडणें हें नवशिक्यांच्या बाबतींत नेहमींचेंच.

स्विच व कार्ड ह्यांस सारखाच लागू पडणारा आणखी एक धोका आहे. एखाद्या मुलानें मोकळी पडलेली केबल नीटनेटकेपणाच्या बुद्धीनें उचलून तिचीं दोन्ही टोंकें एकाच स्विचांत खोंवलीं, तर काय होईल ? सर्वांस उद्देशून निघालेलें पाकीट एका भोंकांतून बाहेर पडून दुसऱ्यांतून आंत येईल, पुन्हां बाहेर पडेल, आणि असें फिरतच राहील. राऊटरांमधून जाणाऱ्या पाकिटावर आयुष्याचा आंकडा असतो. प्रत्येक राऊटर त्यांतून एक वजा करितो व शून्यावर पाकीट फेंकून देतो. ईथरनेटाच्या पाकिटास असा आंकडाच नाहीं. तें अमर आहे. क्षणार्धांत अशा पाकिटांचा पूर लोटून सर्व जाळें बुडतें. रेडिया पर्लमन ह्या अमेरिकन विदुषीनें १९८५ मध्यें ह्यावर उपाय प्रसिद्ध केला. स्विच परस्परांस खुणेचीं पाकिटें पाठवून कोठें वर्तुळ झालें आहे तें ओळखतात व एक वाट आपण होऊन बंद करितात. ह्याचाच परिणाम म्हणून कार्डावर नवी केबल लावली कीं पोर्ट लगेच चालूं होत नाहीं. सुमारें तीस सेकंद तें चांचपणी करितें. अधीर विद्यार्थी तेवढ्यांत केबल काढून दुसऱ्या भोंकांत घालतो, आणि तीस सेकंद पुन्हां पहिल्यापासून सुरू होतात.

आतां निवडीचा प्रश्न. स्विचाची वेगळी पेटी घ्यावी कीं राऊटरांतील कार्ड ? कार्डाच्या बाजूनें पुष्कळ बोलण्यासारखें आहे. विजेची एकच जोडणी, म्हणजे वीज गेल्यावर यूपीएसवरील ओझें कमी. सर्व आज्ञा एकाच यंत्रांत, म्हणजे त्यांची प्रतहि एकच जपावयाची. आणि भिंती पाडण्याची वर वर्णिलेली सोय, जी बाजारांतील हजाराच्या आंतबाहेरच्या साध्या स्विचांत बहुधा नसते. विरुद्ध बाजूस एकच मुद्दा आहे, पण आमच्या किनाऱ्यावर तो जड आहे. मृगाच्या आधीं व पाऊस परततांना येथें विजा होतात. कार्यालयाच्या इमारतींतून पटांगणावरून वर्गाकडे तांब्याची केबल ओढलेली असली, तर जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यावाटे यंत्रांत शिरतो. वेगळा स्विच असेल तर बहुधा तो जळून निभावतें; कार्ड असेल तर त्याच्याबरोबर राऊटरहि जाण्याची भीति, आणि मग सर्वच दारें बंद. म्हणून आमचें मत असें कीं मध्यममार्ग पत्करावा. कार्ड विभागांची मर्यादा राखण्यासाठीं ठेवावें. चार पोर्टांत तीस संगणक मावावयाचे नाहींतच, तेव्हां वर्गांत साधा स्विच ठेवून त्याची एकच जोडणी कार्डाकडे आणावी. आणि दोन इमारतींमधली ती जोडणी तांब्याची न ठेवतां कांचतंतूची करावी. कांचेंतून प्रकाश जातो, विजेचा झटका जात नाहीं. मात्र मजबुतीसाठीं धातूची तार घातलेली कांचतंतूची केबल दुकानदार पुढें करील. ती घेऊं नये, नाहींतर खटाटोप व्यर्थ.

बसवितांना वीज बंद करून, राऊटराच्या पेट्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवून, मगच कार्डास स्पर्श करावा. रिकामी राहिलेली खांच तिच्या पत्र्याच्या झांकणानें बंद करावी. झांकण हरवलेल्या खांचेंतून आंतील हवेचा प्रवाह बिघडतो, समुद्राचें खारें वारें दांतांवर बसतें, आणि मुंग्या व पाली ह्यांस ऊबदार बिऱ्हाड मिळतें. पोर्टांची मोजणी शून्यापासून असते; ‘पहिलें पोर्ट’ म्हणून दूरध्वनीवर सांगितलेलें काम दुसऱ्याच भोंकावर होऊं नये म्हणून आंकडा वाचूनच बोलावें.

शेवटीं एक चमत्कारिक गोष्ट. एकाच राऊटरांत अशीं दोन स्विच-कार्डें घातलीं तर तीं आंतल्याआंत एकमेकांशीं जोडलीं जात नाहींत. शेजारी शेजारी असून त्यांच्यांत भाषण नाहीं. दोहोंवर मिळून एकच विभाग पसरावयाचा असेल तर एका कार्डाच्या पोर्टांतून दुसऱ्याच्या पोर्टांत बाहेरून आंखूड केबल लावावी लागते, व तशी आज्ञाहि राऊटरास द्यावी लागते. ही केबल पाहून, हिचीं दोन्ही टोंकें तर एकाच यंत्रांत गेलीं आहेत, ही कोणा पोरानें केलेली चेष्टाच, असें वाटून सफाई करणारा शहाणा मनुष्य ती काढून ठेवतो, आणि विभागाचे दोन तुकडे होतात. ह्यासाठीं त्या केबलीस एक जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानें बांधावी व तिच्यावर ठळक अक्षरांत ‘काढूं नये’ असें लिहून ठेवावें.